गृहभेटीचं भरीत

धनसिंगनानांनी सहावी पुरी भरितात बुडवली, तोंडात कोंबली आणि त्याच तेलकट बोटांनी कोकिळाच्या गुणपत्रिकेचं पान उलटलं. 'प्रथम श्रेणी'वर एक पिवळं बोट उमटलं.

"हुशार आहे हं पोरगी," नाना म्हणाले. तोंड भरलेलं होतं. त्यामुळे 'हुशार'बरोबर शेंगदाण्याचा अर्धा दाणाही बाहेर आला आणि सतरंजीवर पडला. नानांनी तो उचलला. खाल्ला.

शी! कोकिळाने मान वळवली.

नाना जळगावच्या एका शिष्यवृत्ती मंडळाचे अध्यक्ष. बरोबर मंडळाचे खजिनदार आणि एक निवृत्त प्राचार्य. तिघंही जीपमधून एरंडोलजवळच्या या खेड्यात 'गृहभेटी'ला आले होते. कोकिळा जळगावच्या नव्या विद्यापीठात एम.एस्सी. करत होती. मंडळ दर वर्षी एका गरीब विद्यार्थिनीची फी आणि वसतिगृहाचा खर्च उचलायचं. पण गरिबी खरी की खोटी, हे घरी जाऊन डोळ्यांनी बघायचं, असा नियम. येत्या सोमवारपर्यंत फी भरली नाही, तर कोकिळाचं नाव पटावरून जाणार होतं. मग मंगळवारपासून आईबरोबर केळीच्या बागेत निंदणी. रसायनशास्त्र संपलं!

मंडळाचं पत्र टाइप केलेलं होतं. शेवटी कुणीतरी पेनाने एक ओळ वाढवली होती: 'थंडीचे दिवस आहेत. भरीत चालेल.'

कोकिळाच्या आईने, कलाबाईने, ती ओळ दोनदा वाचून घेतली आणि पदर खोचला. वांगी मालकाच्या मळ्यातून मागून आणली. तेल आणि कणीक शेजारच्यांनी दिली, दाणे पलीकडच्या भिकुबाईने. स्टीलची ताटं समोरच्या सुंदरबाईची, सतरंजी भजनी मंडळाची. पोरीचं कल्याण होतंय म्हटल्यावर गल्लीत कुणी नाही म्हटलं नाही. पहाटेपासून पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजून कलाबाईच्या बोटांची सालं निघाली. त्या पंगतीत घरचं म्हणावं असं मीठच काय ते होतं.

"आखो ल्या ना नाना, लाजू नका," कलाबाई म्हणाली.

लाजतंय कोण! खजिनदारांनी पातेलंच स्वतःकडे ओढलं. प्राचार्यांनी पट्टा दोन भोकं सैल केला आणि असा ढेकर दिला, की कोपऱ्यातली मांजर उठून बाहेर गेली.

जेवणं उरकली. काडीने दात कोरत नानांनी अर्जावर शेरा लिहिला. कोकिळा समोरच उभी होती. तिने उलट्या बाजूने वाचलं: 'पाहुणचार उत्तम. कुटुंब खाऊनपिऊन सुखी. अपात्र.'

"अपात्र? नाना, अपात्र कसं?"

"अगं, जिथे तिघा पाहुण्यांना पोटभर भरीत-पुरी मिळते, तिथे गरिबी कसली? आम्हाला खोटं लिहिता येत नाही बाई." दातातून निघालेलं कांद्याच्या पातीचं सूत नानांनी सतरंजीला पुसलं.

तेवढ्यात सुंदरबाई दारात आली. "मना ताट दे वं कला. मना घर जवाई येल शे."

कलाबाई खाली बघायला लागली. कोकिळा मात्र सरळ नानांकडे बघत होती.

"ताटं यांची आहेत, नाना. तुम्ही बसलाय ती सतरंजी भजनी मंडळाची. वांगी, तेल, दाणे, सगळं गल्लीचं. आमच्याकडे जर्मनच्या दोन ताटल्या आहेत. आणून दाखवू?"

आता तरी नाना शरमतील, असं तिला वाटलं. नाना कसले शरमतात! त्यांनी खजिनदारांकडे पाहिलं, खजिनदारांनी प्राचार्यांकडे, आणि मग तिघांनी मिळून पातेल्याकडे.

"अस्सं होय! मग आधी नाही का सांगायचं?" नाना मऊ झाले. "शेरा खोडता येतो, पोरी. 'अपात्र'चं 'पात्र' करणं माझ्या हातात आहे. फक्त मंडळाची खात्री पटायला हवी. आणखी आठ जण आहेत. रविवारी सगळ्यांनाच घेऊन येतो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "वांगी जरा जास्त सांग. आणि तेलाला हात आखडू नका. आज थोडं कमीच पडलं."

कलाबाईचा चेहरा उजळला. कुठल्या कुठल्या दारी जायचं, याचा तिने मनात हिशोबही लावला असणार. "हा, हा नाना, करसू ना!" ती म्हणाली. म्हणता म्हणता ती भाजलेल्या बोटाने पातेल्याचा तळ निपटून चाटत होती. पहाटेपासून तिच्या पोटात एवढंच गेलं.

कोकिळाने तर घासही खाल्ला नव्हता.

ती पुढे झाली. नानांच्या हातातला अर्ज घेतला. खिशातलं पेनही काढून घेतलं. स्वतःचं नाव खोडलं, वर दुसरं लिहिलं. खालचे दोन रकाने नव्याने भरले आणि कागद नानांच्या पुढ्यात ठेवला.

नानांच्या तोंडातली काडी हलायची थांबली.

"काय लिखं वं?" कलाबाईने घाबरून विचारलं.

"काही नही माय," कोकिळा म्हणाली आणि दारातल्या सुंदरबाईलाही ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात तिने वाचून दाखवलं, "अर्जदाराचं नाव: धनसिंगनाना. खाणारी माणसं: अकरा. कमावणारं: कोणीच नाही."