मास्तरांची पारख

"मास्तर, दोन्ही कोपरांवर जरा ओरखडे काढून द्या. पडून उठल्यासारखे दिसले पाहिजेत."

गिऱ्हाईकाने कोरं करकरीत रायडिंग जॅकेट काउंटरवर ठेवलं. मास्तरांनी चष्म्यावरून आधी जॅकेटकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"कधी पडलायस?"

"नाही ना. म्हणून तर. ग्रुपमध्ये सगळे हसतात."

मोटारसायकलवाल्यांची जॅकेटं आणि बूट दुरुस्त करण्यात मास्तरांची हयात गेली होती. असली मागणी त्यांना नवी नव्हती.

"ओरखडे काढून देतो," ते म्हणाले. "पण पायांचं काय करशील? ज्याला कळतं, तो आधी डावा बूट बघतो. गिअर टाकताना दांडा रोज तिथेच घासतो, अंगठ्याच्या जरा वर. वर्षभराने त्या जागी पॉलिशसुद्धा धरत नाही. तुझा बूट तर आरशासारखा चकाकतोय."

गिऱ्हाईक जॅकेट गुंडाळून चालतं झालं. मास्तर खूश झाले. थापाड्यांची अशी फजिती करायला त्यांना मनापासून आवडायचं.

आजची खरी परीक्षा मात्र चार वाजता होती. त्यांच्या लेकीने स्वतःच मुलगा पसंत केला होता आणि तो निघाला मोटारसायकलवाला.

फाटकी जॅकेटं शिवता शिवता मास्तरांनी वेगाचे सगळे प्रताप पाहिले होते. त्यामुळे घरात त्यांचे दोन कायदे होते. लेकीने मोटारसायकलच्या हँडलला हात लावायचा नाही, आणि गाडी उधळत नेणाऱ्याच्या घरी तिला द्यायची नाही. मैत्रीण म्हणून त्या मुलाच्या ग्रुपबरोबर रविवारी मागे बसून जायला त्यांनी कुरकुरत होकार दिला होता, तोही स्वतः शिवलेलं, दुहेरी पॅडचं जॅकेट तिच्या अंगावर असेल तरच.

ती फिरून आली की तिची आई ते जॅकेट ओल्या फडक्याने पुसायची, बूट पॉलिश करायची. मास्तर दुकानातून मागच्या घरात येईपर्यंत सगळं चकाचक. बायको लेकीचे भलतेच लाड करते असं त्यांना वाटायचं, आणि त्यांना ते बरंही वाटायचं.

"बोलणी नंतर," त्यांनी लेकीला बजावलं होतं. "आधी त्याचं जॅकेट बघणार. माणूस थापा मारतो, जॅकेट मारत नाही."

चारला दोघं फिरून परतली ती पायी चालत, हातात हेल्मेटं घेऊन.

"गाडी कुठंय?" मास्तरांनी विचारलं.

"कोपऱ्यावर लावलीय, काका. गल्लीत मुलं खेळतायत, म्हटलं पायीच जावं."

मास्तरांनी मनातल्या मनात एक गुण देऊन टाकला. मुलाच्या पायात बोलणीला शोभतील असे नवेकोरे बूट होते, तेव्हा तिथे वाचण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी जॅकेट मागून घेतलं आणि दिव्याखाली धरलं.

"ग्रुपमध्ये किती वर्षं आहेस?"

"तीन वर्षं झाली."

"पडलास कितीदा?"

"एकदाही नाही." मुलाने लेकीकडे पाहिलं. लेक भिंतीवर टांगलेले चामड्याचे पट्टे मोजत असल्यासारखी उभी होती.

"आणि वेग?"

"खरं सांगू का काका? मला वेगाची भीतीच वाटते."

हे तो इतक्या कळकळीने बोलला की मास्तरांनी मान वर करून पाहिलं. असं कबूल करणारा मोटारसायकलवाला त्यांना उभ्या आयुष्यात भेटला नव्हता.

जॅकेटही तेच सांगत होतं. कोपरं शाबूत, खांदे शाबूत. गाडी भरधाव हाकणाऱ्याच्या छातीवर किडे चिरडतात, कितीही धुतलं तरी त्यांचे डाग शिवणीत राहतात. इथे एक डाग असेल तर शपथ. छातीवर कापड तेवढं घासून थोडं गुळगुळीत झालं होतं.

"हाताची घडी घालायची सवय दिसते," मास्तर म्हणाले.

"असेल, काका." मुलाचे कान लाल झाले.

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. गेला महिनाभर त्यांना नीट झोप नव्हती, लेकीला हो म्हणवत नव्हतं आणि नाहीही म्हणवत नव्हतं. त्यांनी जॅकेटची नीट घडी करून ते मुलाच्या हाती दिलं.

"माझी हरकत नाही. आत्तापर्यंत तुझ्या मागे जशी निर्धास्त बसली, तशीच जन्मभर बसू दे."

लेकीला एकदम खोकल्याची उबळ आली.

"अहो, पुरे झाली ती परीक्षा," दारातून बायको म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. हात पदराला पुसत ती आत्ताच्या आत्ता बहिणीला बातमी सांगायला निघालीसुद्धा. लेकही बूट काढून, पायात चपला सरकवून मुलाला कोपऱ्यापर्यंत सोडायला गेली.

घरात मास्तर एकटे उरले. आनंद पोटात मावत नव्हता आणि सांगायला जवळ कोणी नव्हतं. उंबऱ्याशी लेकीचे धुळीने माखलेले बूट पडले होते. बायको घाईत विसरली होती. आज आपणच करू, म्हणून ते पॉलिशची डबी आणि ब्रश घेऊन खाली बसले. इतक्या वर्षांत बायकोने हे काम त्यांना एकदाही करू दिलं नव्हतं.

उजवा बूट हा हा म्हणता लखलखला. डाव्या बुटाला मात्र अंगठ्याच्या जरा वर, बोटभर जागेत, कितीही घासलं तरी पॉलिश धरेना.