अर्धं पत्र

गिरणीवाल्या बन्सीलालच्या आठच्या आठ कथा मासिकांकडून साभार परत आल्या, तेव्हा त्याने जळगावहून लेखक होण्याचे उपाय सांगणारं एक जाडजूड पुस्तक आणलं. त्यातला एक सल्ला त्याला फारच भावला: वाचकाला ऐन मोक्याला अधांतरी सोडावं.

दळण होईस्तोवर गावातल्या बायांची पत्रं तोच लिहून द्यायचा. भागाबाईचा मुलगा आधार सुरतेला कामाला लागला, तो दोन वर्षांत गावाकडे फिरकला नव्हता. "मी खुशाल शे, इतलंच लिख भाऊ," ती म्हणाली.

बन्सीलालने तेवढं लिहिलं, आणि पदरचं एक वाक्य जोडलं: ‘काल सकाळी दार वाजलं, मी उघडलं, पाहते तर काय...’ मग पत्र चिकटवून टाकलं.

आठवड्याभरात आधार पिशवीसकट गिरणीत धडकला. "भाऊ, दारमा कोन व्हतं?"

बन्सीलालला आकाश ठेंगणं झालं. त्याच्या कथेचा शेवट विचारायला आजवर कोणी आलं नव्हतं, आणि हा तर थेट सुरतेहून आला होता!



दुसऱ्या दिवशी सुरतेला पोरं असलेल्या सहा जणी कोरी पत्रं घेऊन गिरणीपुढे उभ्या. "भाऊ, मनं पत्र बी अर्धंच ठेवजो!"