चारीचं दार

"आबा, ऐकू येत असेल तर पायाचा अंगठा हलवा," डॉक्टर कानाशी मोठ्याने म्हणाले.

अंगठा हलला. जेमतेम, पण हलला. रणजितला हुंदका आवरेना. तो बापाच्या पायांवरच कोसळला. त्याची बायको राजेश्वरी मात्र भिंतीला टेकून त्या अंगठ्याकडे बघत राहिली.

सणसरला ओसरीत जमिनीवर निजलेल्या संभाजीरावांना पहाटे मण्यार डसली होती. आधी पापण्या मिटल्या, मग हातपाय गेले, मग श्वास. आता बारामतीच्या दवाखान्यात यंत्र त्यांच्यासाठी श्वास घेत होतं. जीभ चालत होती तोवर "गाडी काढा, दवाखाना गाठा" एवढंच ते म्हणत होते. गेल्या श्रावणात नात माधवीला अशीच मण्यार डसली, तेव्हा हेच आबा "मारुती राखंल" म्हणाले होते. पोरीला दिवसभर देवळात निजवलं. मग "गेली" म्हणाले, आणि दिवस मावळायच्या आत आग देऊन मोकळेही झाले. देवावर सोडायला नात होती. स्वतःचा जीव सोडवेना.

"म्हंजी मेंदू शाबूत हाय?" रणजितने विचारलं.

"अगदी शाबूत. स्नायूंवर बारीक दारं असतात. मज्जातंतूचा निरोप आला की ती उघडतात, क्षार आत शिरतात, तेव्हा कुठे हात हलतो. मण्यारीचं विष त्या दारांवरच ठाण मांडतं. कालवा भरून वाहतोय, पण चारीचं दार बंद. उसाला पाणी कसं मिळणार? माणूस मेल्यासारखा दिसतो, पण त्याला सगळं ऐकू येतं, सगळं कळतं. श्वास चालू ठेवला की दारं हळूहळू उघडतात. वाचतील ते. जवळ बसून बोलत राहा त्यांच्याशी."

रणजित गावाकडे फोन लावायला बाहेर धावला.

राजेश्वरीने स्टूल खाटेजवळ ओढलं. सासऱ्यापुढे ती आजवर कधी बसली नव्हती. आज बसली. ती आबांच्या कानाशी वाकली.

"आबा, माधवीला तिरडीवर घालून तुमी तिच्या अंगठ्यांना सुतळी बांधत हुता. मी वरडत हुते. 'आईला असंच दिसतं' म्हणून तुमी गाठ आवळलीत. तिचा अंगठा असाच हलला हुता."