कंसातला हशा

"एक्केचाळीस वेळा?" सचिवसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "बाई, या आमदाराचं नाव मी उभ्या जन्मात ऐकलेलं नाही."

"साहेब, कार्यवृत्तात आहे. भाषण चालू असताना हशा झाला की लघुलेखक कंसात 'हशा' लिहितात. मी एकेक मोजलाय."

विधानसभेच्या त्या गाजलेल्या, संपता न संपणाऱ्या अधिवेशनाचा इतिहास अभिलेख विभागातल्या बाई चार वर्षं लिहीत होत्या. सातशे पानं, आणि सगळी कशी ठणठणीत कोरडी. विधेयकं, तहकुबी, सभात्याग, पुन्हा तहकुबी. हसरं प्रकरण एकच, मागच्या बाकावरच्या या आमदाराचं. बाईंचा सगळा जीव त्यात अडकला होता.

"उद्या पुस्तक छापायला जातंय," साहेब म्हणाले. "गृहस्थ हयात आहेत ना? मग भेटून या. खरंच विनोदी असतील तर प्रकरण राहील. नाहीतर काढा, उगाच आपलं हसं नको."

बाई तडक निघाल्या.

आमदारआजोबा नव्वदीला टेकलेले, पण गडी खणखणीत. "या, या! इतिहास स्वतःच्या पायांनी घरी आला!" ते ओरडले. बाईंची कळी खुलली. शेजारी आजी मटार सोलत होत्या. त्यांनी नुसती मान हलवली.

"तो पुलाचा किस्सा सांगा ना," बाईंनी वही उघडली.

"अहो, काय सांगू! मी म्हणालो, अध्यक्षमहाराज, मंत्री म्हणतात पूल होईल. होईल म्हणजे अजून झालेला नाही!"

आजोबा पोट धरधरून हसले. बाई पुढच्या वाक्याची वाट बघत राहिल्या. ते काही आलं नाही.

"आणि... खुर्चीचा?"

"बाप रे, तो तर कहर! मी म्हणालो, माझी खुर्ची करकरते. मंत्री म्हणाले, दुरुस्त करू. मी म्हणालो, करा!"

आजोबांना हसता हसता ठसका लागला. आजींनी ढिम्म चेहऱ्याने पाण्याचा पेला पुढे सरकवला. बाईंनी वही मिटली. गेलं प्रकरण!

तरी त्यांनी शेवटचं विचारलं, "शेवटच्या आठवड्यात तुमची चार भाषणं आहेत. हशा एकही नाही. असं कसं?"

"कुणास ठाऊक! विनोद तर तेच होते. लग्न तोंडावर आलेलं, त्या गडबडीत मीच कुठे कमी पडलो असेन."

आजी फाटकापर्यंत सोडायला आल्या. बाईंना अगदी रडू येत होतं.

"आजी, रागावू नका, पण खरं सांगा. सभागृह हसायचं का हो?"

"सभागृह? छे गं! अर्धं पेंगायचं, अर्धं चहाला जायचं."

"मग एक्केचाळीस वेळा हशा लिहिला कुणी?"

"मी. लघुलेखिका होते ना मी तिथे, लग्नाच्या रजेवर जाईपर्यंत."

बाईंनी आ वासला. "म्हणजे सगळं खोटं?"

"एक अक्षर खोटं नाही हं!" आजी एकदम फणकारल्या, आणि मग कानापर्यंत लाल झाल्या. "हसू ऐकू आलं की लिहायचं, असा नियम होता. किती जणांचं, ते कुणी सांगितलं नव्हतं. आणि तेव्हा आमचं लग्न व्हायचं होतं."