शून्यापैकी शून्य

चेंडू रिंगवरून घरंगळून बाहेर आला. कृपादान सरांनी आकडेवारीच्या तक्त्यात आठ नंबरच्या रांगेत चुकल्याची फुली मारायला पेन टेकवलं, तेवढ्यात शिट्टी वाजली. फाऊल. त्यांनी पेन उचललं. शॉट मारताना फाऊल झाला आणि बास्केट झाली नाही, तर तो प्रयत्न धरतच नाहीत. नगरच्या निम्म्या क्रीडाशिक्षकांना हा नियम त्यांनीच शिकवला होता.

मग त्यांनी खाली पाहिलं. आठ नंबर, त्यांची मुलगी आराधना, रिंगखाली गुडघा धरून पडली होती. मैदानात उतरून तिला मिनिटही झालं नव्हतं.

संघाच्या प्रशिक्षक स्नेहल मॅडमनी दोघी मुलींना हाताशी घेऊन तिला उचललं आणि रिक्षात घातलं. शेजारी गुणफलक सांभाळणारा हर्षल म्हणाला, सर, तुम्ही जा, मी लिहितो. सर म्हणाले, तीनच मिनिटं राहिलीत. जिल्ह्याचा संघ याच तक्त्यावरून निवडायचा होता. आराधनाच्या जागी आलेल्या मुलीनं फाऊलबद्दल मिळालेले दोन्ही फ्री थ्रो घातले, ते सरांनी त्या मुलीच्या नावावर लिहिले. पुढचंही सगळं बिनचूक लिहिलं. बेरजा केल्या, सही केली. हात नेहमीसारखाच चालत होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, लिगामेंट तुटलंय, ऑपरेशन करावं लागेल, वर्षभर खेळ बंद. सरांनी मान हलवली. दुसऱ्या कुणाच्या मुलीबद्दल ऐकावं तसं ऐकलं.

आराधना उशीवर पाय ठेवून पडली होती.

"पप्पा, माझा शॉट लिहिला?"

"नाही. तो धरत नाहीत."

"म्हणजे चुकला, असंही नाही?"

"नाही. शून्यापैकी शून्य."

तिनं मान डोलावली. नियम तिला ठाऊक होता, तरी तिनं विचारलं होतं. कॉरिडॉरमधून कुणीतरी स्ट्रेचर ढकलत गेलं.

"डॉक्टर विचारत होते, पडताना गुडघा कसा वळला म्हणून," ती म्हणाली. "मला काहीच आठवत नाही. तुम्ही तर समोरच होता. मी पडले कशी?"

सर समोरच होते, सात-आठ पावलांवर. त्यांनी आठवून पाहिलं. पुन्हा एकदा आठवून पाहिलं.

"मी चेंडूकडं बघत होतो," ते म्हणाले.