आबांचे दोनशे किलोमीटर

"त्यायले एकटं सोडू नको. चक्कर येऊन पडले म्हणजे?" तव्यावरची पोळी उलटत इंदिराबाईंनी सुनेला बजावलं.

जीवराम नारखेडे, म्हणजे घरातले आबा, अंगणात सायकलच्या चाकात हवा भरत होते. वय बासष्ट, भुसावळच्या रेल्वेतून निवृत्त. जानेवारीतल्या लांब पल्ल्याच्या राइडला उतरणार, असं त्यांनी कालच जाहीर केलं होतं. आपल्याच जळगावहून धुळ्याच्या पुढं जाऊन परत. दोनशे किलोमीटर, साडेतेरा तासांत.

"म्हातारपणी कसली हौस ही!" इंदिराबाई म्हणाल्या. "पण ऐकतील तर ना. तू जा सोबत."

मोनालीला हसू आलं. "आई, मी? भूमिकेच्या जन्मापासून सायकलला हात लावला नाही."

"शाळेत जायची ना आठ-आठ किलोमीटर? भूमिकेले मी पाहीन."

पहिल्या दिवशी दोघं पाळधीपर्यंत गेली. येताना आबा तीनदा थांबले. मोनालीही धापा टाकत होती, पण पायांना जुनं काहीतरी आठवल्यासारखं झालं होतं.

मग रोज पहाटे दोघं निघू लागली. रविवारी लांब जायचं, आणि एरंडोलला पोहोचलं की आबा चहाच्या टपरीवर बसायचे. "तू जरा पुढं जाऊन ये. पारोळ्यापर्यंत चढ किती, ते बघून सांग मला."

ती जाऊन यायची. आबा विचारायचे, कुठं दम लागला, वारा कुठून होता. सगळं डायरीत लिहून घ्यायचे.

नवी सीट आणली, ती आबांना टोचायला लागली. "तुझ्या सायकलला लाव, फुकट कशाला घालवायची?" पंक्चर काढायला त्यांची बोटं आखडायची, म्हणून तेही मोनालीच शिकली. पहिल्यांदा पाऊण तास लागला. महिन्याभरात बारा मिनिटांवर आलं. इंदिराबाई आबांना डॉक्टरांकडे घेऊन गेल्या, तेव्हा एका खेपेत सुनेलाही तपासून आणलं.

दर किती वेळानं पाणी, कुठं केळी खायची, धुळ्यात किती मिनिटं थांबायचं, हे मोनालीनं कागदावर मांडून स्वयंपाकघरात चिकटवलं. ती उन्हानं रापली. जेवताना दोन पोळ्या जास्त घेऊ लागली आणि बोलू लागली, वाऱ्याबद्दल, ट्रकवाल्यांबद्दल. हितेंद्र बायकोकडे बघतच राहायचा.

शेवटच्या रविवारी मात्र पंचाईत झाली. आबांनी पारोळ्यातच गुडघा धरला. "तू धुळ्याला शिवून ये. कुठं किती वेळ लागतो ते कळेल तरी." स्वतः सायकल टेम्पोत टाकून ते घरी परतले.

संध्याकाळी मोनाली सासूजवळ येऊन बसली. "आई, आबांना नाही जमणार. खरंच सांगते. थांबवा त्यांना."

इंदिराबाई मेथी निवडत होत्या. "आता कसं थांबवायचं? नाव दिलंय."

राइडच्या दिवशी सहाच्या आत सगळं घर मैदानावर हजर होतं. थंडीत पन्नासेक सायकलवाले हात चोळत उभे होते. मोनालीनं ठरवलं होतं, आपलं नाव दिलेलं नसलं तरी पाळधीपर्यंत आबांच्या सोबत राहायचं. ती नोंदणीच्या टेबलापाशी गेली.

"जीवराम नारखेडे," ती तिथल्या माणसाला म्हणाली. "वय बासष्ट आहे. गुडघा दुखतो. जरा लक्ष ठेवाल का त्यांच्यावर?"

त्यानं यादीवरून दोनदा बोट फिरवलं. "या नावाचं कोणी नाही, ताई."

"असं कसं? नीट बघा ना. दोन महिने तयारी केलीय त्यांनी!"

तिनं मागं वळून पाहिलं. आबा भूमिकेला कडेवर घेऊन सायकली दाखवण्यात गुंग होते. अंगावर स्वेटर, पायात चपला.

"नारखेडे एकच आहेत," त्या माणसानं एक अर्ज काढून तिच्यापुढं सरकवला.

मोनाली हितेंद्र नारखेडे. वय एकतीस.

आणि खाली, अर्ज आणून देणाऱ्याच्या रकान्यात, सावकाश काढलेल्या मोठ्या अक्षरांत सही होती: इंदिराबाई जीवराम नारखेडे.