पुलावर काठी टेकू नये

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर टोकियोतल्या डॉक्टरांनी वैभवीला सांगितलं होतं, लांबचं चालणं आता विसरा. तीच वैभवी काठी टेकत, पुलांनी जोडलेली बेटं एकामागून एक मागे टाकत आली होती. आता समुद्रावरचा शेवटचा पूल तेवढा उरला होता.

पुलाच्या तोंडाशी संत्री विकणारी जपानी आजी तिच्या काठीकडे बघून म्हणाली, "पुलावर काठी टेकू नये, बाळ. खाली कुणीतरी झोपलेलं असतं."

आधीच्या प्रत्येक पुलावर वैभवी काठी आपटतच आली होती. ती ओशाळली. मग तिने काठी काखोटीला मारली आणि नुसत्या पायांवर निघाली. गुडघा कुरकुरला, मग मुकाट्याने चालू लागला. वाऱ्यापुढे दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

पलीकडे तिचा नवरा अवधूत टाळ्या वाजवत उभा होता. "जिंकलीस तू. काय जोरात काठी आपटत आलीस, इथपर्यंत ऐकू येत होती."

वैभवीने हसत काठी उंच धरली. "एकदाही टेकली नाही मी."

अवधूतच्या टाळ्या थांबल्या. टकटक थांबली नाही. पुलाखालच्या जिन्याने ती एकेक पायरी वर येत होती.